वडिलांसोबत फादर्स डे, जुन्या मालिका आणि कॉकटेल: हा बेत गावाकडे कसा जमवावा?

तुम्ही पुण्यात नोकरीला, वडील परभणीकडच्या गावी. टीव्हीवरचे जुने बाप बघत त्यांच्यासोबत एखादं क्लासिक कॉकटेल करावं असं मनात आहे, पण घरी ते कसं दिसेल याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी जालन्याचा. गेल्या वर्षी हाच बेत आमच्याकडे केला, म्हणून सांगतो.

आधी तारखेचं बघा. फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो. १९१० साली अमेरिकेत स्पोकेन इथे सोनोरा डॉड या लेकीने तो पहिल्यांदा साजरा करवला, कारण आई गेल्यावर वडिलांनीच लेकरं वाढवली होती. पण आपल्याकडे तेव्हा मृग चालू असतो. पाऊस पडून वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, की शेतकरी बाप रविवार बघत नाही. पेरणी उरकू द्या, बेत पंधरा दिवसांनी केला तरी चालतो.

दुसरं म्हणजे, आधी आईला विचारा. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' लागायची, त्यातला बसेसर राम हा बाप दारू प्यायचा आणि घर बाकीच्यांनी ओढायचं. आपल्या भागात असं घर प्रत्येक गल्लीत एखादं तरी असतंच. तुमच्या आईने तसं काही सोसलं असेल, तर घरात बाटली आणू नका. माझे अण्णा माळकरी आहेत. त्यांच्यापुढे ग्लास धरायचा म्हणून मी आठ दिवस आधी आईशी बोललो. ती म्हणाली, "तुझा तू घे, पण त्यांच्या पेल्याला थेंब लागू देऊ नको."

कॉकटेलमध्ये मी ओल्ड फॅशन्ड निवडलं. 'मॅड मेन' या अमेरिकी मालिकेतल्या डॉन ड्रेपरच्या हातात हेच असतं. माणूस रुबाबदार, पण लेकरांच्या वाट्याला फारसा येत नाही. त्याच्याकडून आपण फक्त ग्लास घ्यावा. ४५ मिली व्हिस्की, चमचाभर साखरेचा पाक, अँगोस्तुरा बिटर्सचे (हा एक कडू अर्क) दोन-तीन थेंब, बर्फ आणि वरून संत्र्याची साल पिळायची. मी साखरेऐवजी गुळाचा पाक आणि संत्र्याऐवजी मोसंबीची साल घेतली. जूनमध्ये आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी, मोसंबी बागेत अजून हिरवी असते, त्यामुळे ती बाजारातून आणावी लागली. बर्फ मात्र मोठा हवा, लहान खडे लगेच विरघळून सगळं पाणी होतं. वाटीत पाणी घालून फ्रीजरमध्ये ठेवा, एकच जाड खडा निघतो.

अण्णांसाठी कोरा चहा जरा कडक करून गार केला. त्यात तोच गूळ, तोच बर्फ, तीच साल. रंग हुबेहूब तसाच येतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: बिटर्स थेंबभरच लागतं म्हणून न पिणाऱ्याच्या पेल्यात घालू नका. त्यात जवळजवळ ४५ टक्के मद्य असतं. माळकरी माणसाला नकळत ते पाजणं म्हणजे फसवणूक आहे.

मालिका कोणती, यात मी अडलो नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ च्या सुमारास ती लागायची तेव्हा आम्ही भावंडं शिक्षणासाठी जालन्यात खोली करून होतो, अण्णा आठवड्याला बसने डबा आणि पीठ घेऊन यायचे. सगळ्यांना त्यातले आजोबा, आबा, आठवतात, दिलीप प्रभावळकरांनी केलेच तसे. मला मात्र या वेळी त्यांचा मुलगा, राजन भिसेंचा शेखर, दिसत राहिला. वडिलांचं ऐकायचं, पोरांचं निस्तरायचं, आणि स्वतःचं काही बोलायला घरात जागाच नाही. माझा मुलगा आता आठवीत आहे. शेजारी बसलेले अण्णा तेव्हा नेमके माझ्या आजच्या वयाचे होते, हे मला त्या रात्री कळलं.

दोन भाग झाले. अण्णांनी पेल्यातली साल काढून नाकाशी धरली, बोटाने दाबली. म्हणाले, "मृग बहाराची दिसती. झाडाला पाणी कमी पडलंय." मग टीव्ही चालूच राहिला आणि ते २०१३ च्या उन्हाळ्यावर बोलायला लागले. तेव्हा टँकर घालूनही आमची बाग गेली होती. झाडं मजुरांनी तोडली असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्यातली पहिली झाडं त्यांनी स्वतः तोडली होती, पहाटे, आई उठायच्या आत.

मी दुसरा ग्लास केला नाही. चहा मात्र दोघांनी पुन्हा घेतला.