सदनिकेचा व्यवहार अर्ध्यावर असताना मत कोणाचे?

प्रश्न : नेरूळमध्ये सिडकोने बांधलेल्या एका जुन्या वसाहतीतील सदनिका आम्ही घेत आहोत. साठेखत नोंदवले आहे आणि बरीचशी रक्कमही दिली आहे. खरेदीखत मात्र व्हायचे आहे. दरम्यान पुनर्विकासाच्या निर्णयासाठी सभा बोलावली आहे. तिथे मत आमचे की विक्रेत्याचे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपली वसाहत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे आधी तपासावे. नवी मुंबईत लोक सरसकट ‘सोसायटी’ म्हणत असले, तरी सिडकोच्या अनेक वसाहती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खालील कंडोमिनियम आहेत, म्हणजे तिथे प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा मालक असतो आणि सामाईक कारभार या मालकांची असोसिएशन पाहते. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते; कंडोमिनियममध्ये मात्र, वसाहत या कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या घोषणापत्रात त्या सदनिकेला जो टक्का नेमून दिला आहे, तेवढे तिच्या मताचे वजन असते.

साठेखताने मालकी बदलत नाही, त्यामुळे खरेदीखत होईपर्यंत दोन्ही प्रकारांत मत विक्रेत्याचेच राहते. पैसे आपण मोजायचे आणि इमारतीचे भवितव्य निघून जाणाऱ्याने ठरवायचे, ही स्थिती खरेदीदारावर अन्याय करणारी आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून विक्रेत्याशी आताच पुरवणी करार करून, आपल्या लेखी संमतीशिवाय तो पुनर्विकासाच्या ठरावावर मत देणार नाही आणि कोणत्याही संमतिपत्रावर सही करणार नाही, अशी अट घालून घ्यावी. ही अट तुम्हा दोघांपुरतीच बंधनकारक आहे. त्याने ती मोडली तरी असोसिएशन किंवा संस्था त्याचे मत मोजेल आणि आपल्याला त्याच्याविरुद्धच दाद मागावी लागेल.

खरेदीखतानंतर चित्र बदलते. कंडोमिनियमच्या नमुना उपविधींनुसार, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांनुसार, खरेदीदार आपोआप असोसिएशनचा सदस्य होतो. सहकारी संस्थेत मात्र सभासदत्वासाठी अर्ज करावा लागतो आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. खरेदी पती-पत्नीच्या नावे असल्यास कंडोमिनियममध्ये मत पहिल्या नावाच्या व्यक्तीचे असते, तेव्हा नावांचा क्रम विचारपूर्वक ठरवावा. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतरणाची परवानगीही वेळेत घ्यावी.

विक्रेत्याची देखभाल खर्चाची थकबाकी किती आहे, याचे लेखी विवरण खरेदीखतापूर्वी असोसिएशनकडून मागून घ्यावे, कारण त्या रकमेची जबाबदारी विक्रेत्याबरोबर आपल्यावरही येते. शिवाय वर्षअखेरीस साठ दिवसांहून अधिक थकबाकी असलेल्या सदनिकाधारकाला, नमुना उपविधींनुसार, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत देता येत नाही.