हात हलवून पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. कर्णबधिर मुलांच्या महाविद्यालयात शिकते, तिथल्याच वसतिगृहात राहते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली. मागच्या वर्षी ७१ टक्के होते. परवा कॉलेजचं वर्षअखेरीचं पत्रक आलं. त्यात तिचं कौतुक आहे, पण फोटोखाली ‘सांकेतिक भाषेची शिक्षिका व्हायचंय’ असं छापलंय. आम्हाला धक्काच बसला. हात हलवून पोट भरतं का? लहानपणी शाळेतल्या बाईंनी सांगितल्यामुळे आम्ही तिला हात मांडीखाली ठेवून बोलायला लावायचो. घरी आजही खुणा चालत नाहीत. तिला ओठांवरून सगळं कळतं. धाकटा मुलगा यूट्यूबवर बघून खुणा शिकला, त्यालाही मी रागावलो. स्नेहसंमेलनाला गेलो होतो. ती स्टेजवर दहा मिनिटं हातांनी काहीतरी सांगत होती, सगळा हॉल हसत होता, मला काहीच कळलं नाही. अपंग कोट्यातून सरकारी नोकरी पक्की ना? एमपीएससीच्या क्लासची चौकशी केली आहे. कानाचं ऑपरेशन आता करता येईल का? तिला मराठी धड लिहिता येत नाही, त्याचीही काळजी आहे. योग्य मार्ग सांगावा.
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर :

नमस्कार. मुलीला शिकायला घरापासून लांब पाठवलंत, वसतिगृहाचा खर्च उचललात, संमेलनाला एसटीनं गेलात. तुमच्या तालुक्यात ऐकू येणाऱ्या मुलींच्याही वाट्याला हे सगळं येतंच असं नाही. म्हणून पुढचं जरा कडक बोलणार आहे, ते ऐकून घ्या.

तुमच्या पत्रात क्लास आहे, कोटा आहे, ऑपरेशन आहे. मुलीशी या विषयावर बोललात, असं एकाही ओळीत नाही. तिची इच्छा तुम्हाला छापील पत्रकातून कळली, तीही फोटोखालच्या ओळीतून. धक्का शिक्षिका होण्याचा बसला म्हणता, पण मला विचाराल तर खरा धक्का हा असायला हवा होता.

ती संमेलनाची संध्याकाळ पुन्हा आठवा. आजूबाजूचे सगळे हसताहेत, हात वर करून हलवताहेत (टाळ्यांचा आवाज पोचत नाही, म्हणून टाळ्या दिसतील अशा वाजवतात), आणि मधोमध तुम्ही एकटे. काय विनोद झाला ते शेजाऱ्याला विचारावं तर तोही खुणांतच सांगणार. तुम्ही तिथे दहा मिनिटं बसलात. तुमची लेक तुमच्या घरात, जेवणाच्या पंगतीत, लग्नकार्यात, दिवाळीला सगळे जमल्यावर, वीस वर्षं तशीच बसली आहे.

हात मांडीखाली ठेवायला लावले याचा दोष मी तुम्हाला देत नाही. शाळेनं सांगितलं, तुम्ही लेकराच्या भल्यासाठी ते केलं. शाळेलाही ते कुणीतरी सांगितलेलं होतं. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून तोंडी बोलण्यावरच भर द्यावा, असा ठराव झाला. तो ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. जगभरच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला तशीच परिषद भरली, तेव्हा कुठे त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. मधली एकशेतीस वर्षं मुलांचे हात बांधलेलेच राहिले. तुमच्या जेवणघरात जे घडलं, ते मिलानहून इतक्या लांबचा प्रवास करून आलं होतं. ते उंबऱ्याबाहेर काढणं मात्र आता तुमच्याच हातात आहे.

‘तिला ओठांवरून सगळं कळतं’ हे वाक्य मी बहुतेक प्रत्येक पालकाकडून ऐकते. एक करून बघा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा : पाय, बाय, माय. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आता काल, खाल, गाल म्हणा. क, ख, ग ही अक्षरं मागे घशापाशी उमटतात, ओठांवर त्यांचा मागमूस नसतो. ओठ वाचणारा माणूस थोडं बघतो आणि बाकीचं अंदाजानं भरतो. समोरच्याला मिशा असतील, तोंडात घास असेल, तो बोलता बोलता वळला असेल किंवा वीज गेली असेल, तर अंदाजही संपतो. चौघे एकदम बोलू लागले की कुणाकडे बघायचं हेच कळत नाही. मग मूल मान हलवायला शिकतं. मान हलवली की समोरचा समाधानानं निघून जातो, हे त्याला फार लवकर कळतं. तुमची लेक मान हलवते, याचा अर्थ तिला कळलं असा तुम्ही लावत आलात. आज संध्याकाळी तिला दोन वाक्यं तोंडी सांगा आणि तिनं काय समजून घेतलं ते कागदावर लिहायला लावा. नंतर मला कळवा.

आणि तिच्या मराठीविषयी. जी भाषा कधी कानावर पडली नाही, ती तिनं कागदावरून मिळवली आहे. तिची रोजची भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे आणि तिला स्वतःचं व्याकरण आहे. त्यात ‘काय’, ‘कुठे’ हे प्रश्नाचे शब्द शेवटी येतात, आपल्या विभक्तीचे प्रत्यय नसतात. त्यामुळे तिनं ‘मी काल बाजार जा’ असं लिहिलं, तर ते मराठी चुकलेलं आहे, डोकं नव्हे. अशा मराठीच्या आधारावर तिनं वाणिज्य शाखेत ७१ टक्के मिळवले आहेत. परक्या भाषेत पेपर देऊन तुम्ही-आम्ही किती मिळवले असते?

आता कोटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत. त्यातला एक टक्का बधिर आणि कमी ऐकू येणारे यांना मिळून आहे. म्हणजे शंभरात एक जागा. तीही ते पद कर्णबधिरांसाठी योग्य म्हणून निश्चित झालेलं असेल तरच. कोट्यानं रांग छोटी होते, पण रांगेत उभं राहावंच लागतं आणि परीक्षा द्यावीच लागते. ‘पक्की’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. ज्या कुणी तो तुमच्यासमोर वापरला, त्याचा क्लास असेल तर तिथे फी भरू नका.

एमपीएससी, बँकांची आयबीपीएस, केंद्राची एसएससी : पदवीनंतर तिन्ही वाटा मोकळ्या आहेत, वयाची सवलत जाहिरातीत दिलेली असते, तिला द्यायच्या असतील तर जरूर द्याव्यात. पण क्लासचं काय? ज्या वर्गात सर फळ्याकडे तोंड करून दोन तास बोलतात आणि दुभाषा नाही, तिथे तिला दोन वर्षं बसवणं म्हणजे पैसे आणि उमेद दोन्ही बुडवणं. त्याआधी जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तयार आहे का ते बघा. दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असेल तर कायद्यानं ‘बधिर’, ६० ते ७० असेल तर ‘कमी ऐकू येणारी’. कागदावर नेमकं काय लिहिलंय, ते वाचून घ्या.

ऑपरेशनचा निर्णय कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मुलगी यांनी मिळून घ्यायचा आहे. मी एवढंच सांगते की कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचा, खरा फायदा अगदी लहान वयात होतो, कारण तेव्हा मेंदू आवाजाची भाषा शिकत असतो. जन्मापासून कधीच न ऐकलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला त्यानंतर बोलणं समजू लागेल, असं धरून चालता येत नाही. ‘आधी कान, मग करिअर’ असा क्रम लावून तिचं एक वर्षही थांबवू नका.

राहिला तिच्या इच्छेचा प्रश्न. हात हलवून पोट भरतं का? भरतं. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे ही भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे आणि तो खास कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे. ऐकू येणाऱ्यांसाठी दुभाषाचा अभ्यासक्रम वेगळा. मला ही विभागणी फार योग्य वाटते. जी भाषा ज्यानं श्वासासारखी वापरली, त्यानंच ती शिकवावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचा उल्लेख आहे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयात ती आता भाषा विषय म्हणून घेता येते. शिकवणारी माणसं लागणारच आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाषाच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. त्या दिवशी न्यायमूर्तींपर्यंत त्यांचं म्हणणं पोचलं, ते हात हलवूनच.

या वाटेत खाचखळगे नाहीत असं मी म्हणणार नाही. कायम पदं अजून थोडी आहेत, बऱ्याच ठिकाणी नेमणूक कंत्राटी असते. म्हणून बी.कॉम. वाया घालवू नये. या अभ्यासक्रमाला अर्ज केल्यावर प्रवेशाचा निकाल लागेपर्यंतच्या महिन्यांत टॅली आणि जीएसटीचं काम एखाद्या करसल्लागाराकडे प्रत्यक्ष बसून शिकावं. आकडे ओठांवरून वाचावे लागत नाहीत. कामाच्या सूचना लेखी मिळाल्या तर हिशेबाच्या टेबलावर ती कुणापेक्षा मागे पडणार नाही. मुंबईतल्या वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची, कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अभ्यासक्रम, प्रवेश, दुभाषे यांची चौकशी तिथेही करा, आणि जाताना तिला घेऊन जा.

तुम्ही पत्रकाची छायाप्रत पाठवली, म्हणून त्यातल्या एका पानाविषयीही बोलते. ‘या वर्षी १४ विद्यार्थ्यांना नोकऱ्या’ ही बातमी मोठ्या अक्षरांत आहे. मुलं हॉटेलात, कुरिअरमध्ये, कॉफीच्या दुकानात लागली आहेत. ही कामं कमी प्रतीची नाहीत. मुंबईत २००९ साली ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरिअर्स सुरू केली ती कर्णबधिर कर्मचाऱ्यांच्या जोरावरच, आणि तिनं कित्येकांच्या डोळ्यांत अंजन घातलं. माझी तक्रार वेगळी आहे. पदवी घेतलेल्या मुलाला पाच वर्षांनंतरही त्याच काउंटरवर उभं राहावं लागत असेल, तर कॉलेजनं त्याची बातमी करून थांबू नये. गेल्या तीन वर्षांत लागलेल्यांपैकी किती जण टिकले, किती जणांना बढती मिळाली, हे तुम्ही प्राचार्यांना विचारा. पालक विचारत नाहीत, म्हणून पत्रकात छापलं जात नाही.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका कर्णबधिर मुलीसोबत मी मुलाखतीला गेले होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ‘हिला संगणक येतो का?’ हे त्यांनी मला विचारलं. मी चटकन उत्तर दिलं, अगदी तिची बाजू घेऊन, भरभरून. बाहेर आल्यावर तिनं वहीत लिहिलं, ‘मी होते तिथे.’ तो कागद मी जपून ठेवला आहे. तेव्हापासून कर्णबधिर मुलांविषयीच्या प्रश्नांना त्यांच्या अपरोक्ष उत्तरं द्यायला मला जड जातं. हे उत्तरही जड जात आहे.

म्हणून मी तुम्हाला मार्ग सांगणार नाही, क्रम सांगते. क्लासचे पैसे भरू नका. धाकट्या मुलाला जवळ बोलवा आणि रागावलो ते चुकलं, असं सांगा. तुमच्या घरात दुभाषाचं काम तो गुपचूप करत आला आहे. तुमची पहिली शिकवणी त्याच्याकडे. दिल्लीच्या केंद्राचा सांकेतिक शब्दकोश व्हिडिओरूपात मोफत आहे, २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. तुम्हाला सुरुवातीला पन्नास पुरतील : आई, बाबा, भूक, कंटाळा, राग, पैसे, लग्न, नको, का. ‘लग्न’ मुद्दाम घातलं. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण मुलगी एकवीसची झाली की घरात तो विषय निघालेला असतो आणि तिच्यादेखत चाललेलं बोलणं तिला कळत नसतं. पत्नीलाही शिकवणीला बसवा. तुमची बोटं चुकतील, ती हसेल. हसू द्या.

तुमच्या संमेलनात तिनं दहा मिनिटं काय सांगितलं, ते तिला विचारा. चार वेळा विचारावं लागलं तरी चालेल, भाऊ मदतीला घ्या. मला त्याची फार उत्सुकता आहे.

पुढचं पत्र तुमच्याकडून नको, तिच्याकडून हवं. मराठी जसं येईल तसं लिहू दे, किंवा खुणांत बोलून मोबाईलवर व्हिडिओ करू दे. दुभाषा मी शोधते. त्या पत्राला मी सविस्तर उत्तर देईन, तिच्या नावानं.