सायकल दुरुस्ती : ब्रेकला तेल लावू नका, आणि बाकी प्रश्नोत्तरे

सायकलची कामं स्वतः शिकायची म्हणणारे वाढलेत, हे फार चांगलं आहे. पण तेच तेच प्रश्न परत परत येतात आणि त्यातले निम्मे कुणीतरी काहीतरी सांगितलं म्हणून झालेल्या गोंधळाचे असतात, म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

पंक्चर काढलं तरी दोन दिवसांत परत हवा जाते. पॅच खराब असेल का?

पॅचला दोष देण्याआधी टायर आतून तपासा. ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्व्ह टायरवर कुठे येतो तिथे खूण करायची, म्हणजे ट्यूबमधलं भोक टायरच्या नेमक्या कुठल्या जागी होतं ते कळतं आणि तिथे बहुतेक वेळा काटा किंवा बारीक तार अजून रुतलेली सापडते. बोट फिरवू नका, कापड फिरवा, काटा असेल तर कापड अडकतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी (ट्यूबला स्पोकच्या टोकांपासून वाचवणारी) सरकलीय. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी ठेवून खड्ड्यात घातलीय, टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो तो वाचा. आणि सोल्युशन लावल्या लावल्या पॅच चिकटवायचा नसतो, ते वाळून चमक जाईपर्यंत थांबायचं. एवढं करूनही त्याच जागी हवा गेली तर टायर जाणकाराला दाखवा.

डावं पेडल कितीही जोर लावला तरी सुटत नाही.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवा.

चाळीस वस्तूंचा टूलकिट ऑफरमध्ये मिळतोय, घेऊ का?

नको. त्यातली बरीचशी हत्यारं तुमच्या सायकलला लागणारच नाहीत आणि मऊ लोखंडाची ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) बोल्टचं तोंड खराब करून ठेवते, मग तो बोल्ट काढायला मेकॅनिककडेच जावं लागतं. 4, 5 आणि 6 मिमीच्या चांगल्या ॲलन की, टायर लिव्हर, पंप, पंक्चरचं सामान, एक स्टीलची मोजपट्टी. बाकीचं, काम अंगावर येईल तसं घ्या, आणि घेण्याआधी ते तुमच्या सायकलला बसतं का विचारा.

गंज काढायचा स्प्रे चेनला मारला तर चालतो ना? सगळे तेच मारतात.

चालत नाही. त्याने चेन साफ होते पण आतलं वंगणही निघून जातं. चेनचं तेल वेगळं मिळतं, पिनांवर एक एक थेंब टाका आणि वरचं कोरड्या कापडाने पुसून घ्या.

डिस्क ब्रेक फार किंचाळत होता. मित्र म्हणाला थेंबभर तेल टाक. टाकलं, आवाज गेला, पण आता ब्रेक जरा कमी लागतो. पॅड पुढच्या महिन्यात बदलणार आहे, तोपर्यंत चालवू का?

नाही, आजपासून नाही. ब्रेक घासला जातो म्हणून सायकल थांबते, तेलाने ते घासणंच बंद केलंत, म्हणून आवाज गेला. तो बरा झालेला नाही, निकामी झालाय. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मला खरंच काळजी वाटते, कारण विचारणारा प्रत्येक जण त्याच सायकलवरून रोज ट्रॅफिकमध्ये जात असतो.

पॅड तेल शोषून घेतात. पॉलिश पेपरने घासा, गॅसवर भाजा असे उपाय लोक सांगतात, पण त्यातून पॅड खात्रीने सुधारतात असं नाही आणि ब्रेकच्या बाबतीत 'बहुतेक' चालत नाही, म्हणून पॅड टाकून द्या. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापड घेऊन पुसा आणि नंतर तिला बोट लावू नका, बोटाचं तेलही नको. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या जागी मध्यम स्पीडवरून हळूहळू ब्रेक दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा करा, मग पॅड नीट लागतात. अनेकदा मूळचा आवाजही हे न केल्यामुळेच येत असतो. चेनला स्प्रेने तेल मारतानाही मागच्या डिस्कवर उडतं, म्हणून थेंबानेच टाका.

हायड्रॉलिक ब्रेक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. त्यातलं ऑइल तर अंदाजाने भरूच नका. काही ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड, चुकीचं भरलं की आतले सील खराब होतात. केबलचे ब्रेक असतील तर केबलची एक तार जरी तुटलेली दिसली तरी ती त्याच दिवशी बदला. काम स्वतः करा, जरूर करा, पण पहिल्या वेळी रस्त्यावर जाण्याआधी मेकॅनिकला दाखवा. आणि पुढचा महिना हे उत्तर मला देऊ नका.

दुकानदार म्हणतो चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) दोन्ही बदला. फसवतोय का?

मोजल्याशिवाय त्यालाही सांगता येणार नाही आणि मलाही. मोजपट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा, नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो 1/16 इंच पुढे गेला असेल तर फक्त चेन बदला. 1/8 इंच गेला असेल तर कॅसेटचे दातही बहुधा झिजलेत आणि दुकानदार खरं सांगतोय, नवी चेन त्यावर घसरेल. न मोजता सगळंच बदला म्हणणाऱ्याला तुमच्यासमोर मोजायला सांगा, टाळाटाळ केली तर दुसऱ्या मेकॅनिकचं मत घ्या.

गिअर बदलताना खडखड होते, डिरेलरचे (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचे) दोन छोटे स्क्रू फिरवू का?

त्यांना हात लावू नका, ते चेन कुठवर जाईल ती हद्द ठरवतात आणि चुकले तर चेन स्पोकमध्ये जाते. केबलच्या टोकाचा ॲडजस्टर पाव पाव फेरा फिरवून बघा. दोन-तीन पाव फेऱ्यांत जमलं नाही तर डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला ज्या तुकड्यावर बसतो तो) वाकलेला असू शकतो, तो मोजायला खास हत्यार लागतं, दुकानात न्या.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली की हॅन्डलच्या खाली टक टक होते.

हेडसेट (हॅन्डल आणि फोर्क ज्यावर फिरतात ते बेअरिंग) ढिला असण्याची शक्यता जास्त. वरचा बोल्ट आवळण्याआधी स्टेमचे (हॅन्डल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट सैल करावे लागतात, ते न करता जोर लावत बसू नका. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) तडा असला तरी अशीच हालचाल जाणवू शकते, त्यामुळे सायकल न चालवता ढकलत मेकॅनिककडे न्या आणि तो आवळताना शेजारी उभं राहून बघा.