पहिला डेव्हलपर नेमताय? आधी तो कागदावर तुमचा आहे का ते पाहा

ताई, तुमच्या संत्र्याच्या धंद्यातल्या ॲपसाठी तुम्ही विचारलंय की कोडिंगमधलं काही कळत नसताना पहिला डेव्हलपर पारखायचा कसा, बी.ई. झालेला घ्यायचा की बी.सी.ए., पुण्याचा की अमरावतीचा, आणि त्याला कंपनीत हिस्सा द्यायचा का. त्यावर लिहितोच. पण तुमच्या पोस्टमध्ये मधेच एक ओळ आहे: "सध्या ओळखीतला एक मुलगा महिन्याच्या प्रोफेशनल फीवर काम करतोय, ॲप त्याच्याच अकाउंटवर आहे, कंपनी झाली की पाहू." ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. २०२४ च्या जूनमध्ये मी याच ओळीपायी अख्खा हंगाम घालवलाय.

आमचं काम दारव्हा-दिग्रस भागातल्या कृषी केंद्रांसाठी आहे. बियाणं, खत, औषधांचा बॅचनुसार साठा आणि शेतकऱ्यांची उधारी मोबाइलवर ठेवायची. आमच्याकडे जूनमध्ये दिलेल्या बॅगचे पैसे कापूस घरात आल्यावर मिळतात, म्हणजे उधारीची नोंद हाच दुकानाचा जीव. तेव्हा बासष्ट दुकानं जोडलेली होती. सगळं एका मुलाने बांधलं होतं. हुशार, मेहनती, रात्री दोनलाही फोन उचलणारा. त्याच्याबद्दल आजही माझ्या मनात वाईट नाही.

चूक माझी होती. मी त्याला कधी नेमलाच नाही. हिशेब पाहणाऱ्यांनी सांगितलं, पगार दाखवू नका, पीएफची भानगड मागे लागेल, प्रोफेशनल फी दाखवा. मला ते सोपं वाटलं. नेमणूकपत्र नाही, करार नाही. सर्व्हर त्याच्या कार्डावर, प्ले स्टोअरचं अकाउंट त्याच्या मेलवर, कोड त्याच्या गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन खात्यावर. मे महिन्यात त्याला पुण्यात नोकरी लागली, मी पेढे खाऊन निरोप दिला. मृग लागला, पेरणीची गर्दी सुरू झाली आणि त्याच्या कार्डावरून सर्व्हरचं बिल कापलं गेलं नाही म्हणून सर्व्हर बंद पडला.

दिग्रसच्या एका काकांचा सकाळी फोन आला, "भाऊ, दुकानात पाय ठेवाले जागा नाही आन तुमचं ॲप उघडूनच नाही राह्यलं. कोणाकडे किती बाकी हाये, मी काय डोक्यात ठेवू?" मी दुकानात पोहोचलो तेव्हा त्यांनी जुनी लाल वही काढली होती. बाहेर बैलगाडी उभी, आत वीस माणसं, आणि काका जुन्या बाक्या तोंडी विचारून लिहीत होते. मला तिथे उभं राहवेना.

मुलाशी बोलणं व्हायला पाच दिवस गेले. तो म्हणाला, दादा, कोड मी लिहिलाय, तो माझा आहे, मोबदला ठरवा मग देतो. मला राग आला. यवतमाळला वकिलांकडे गेलो तर ते म्हणाले, कागदावर त्याची बाजू जड आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं. पण बाहेरून कंत्राटावर करून घेतलेला कोड लिहिणाऱ्याचाच राहतो, पैसे पूर्ण दिले असले तरी. तो तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी हस्तांतरण करार लागतो. तो प्रत्यक्षात नोकरच होता असं कोर्टात मांडता आलं असतं, पण त्यात वर्षं गेली असती आणि माझ्याकडे दिवस नव्हते.

त्यात आणखी एक कागद निघाला. वर्षभरापूर्वी मदतीसाठी मी एका सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रात गेलो होतो. तिथल्या अर्जात "तांत्रिक सहसंस्थापक" असा रकाना होता. तो रिकामा असला तर अर्ज घेणार नाही म्हणाले. मी त्या मुलाचं नाव टाकलं. मदत एक रुपयाची मिळाली नाही, अर्जाच्या तीन-तीन प्रती तेवढ्या जमा केल्या. पण त्या मुलाकडे मात्र पुरावा झाला की मी त्याला भागीदार म्हणतो. जूनमध्ये त्याच केंद्रात सल्ला मागायला गेलो तर साहेब प्रशिक्षणाला गेले होते, पुढच्या सोमवारी या. अर्जावर नाव लिहायला लावताना त्याचा अर्थ समजावून सांगायला कोणाला पाच मिनिटं नव्हती, याचा मला आजही संताप आहे. शेतकऱ्याच्या पोराला हे कुठे शिकवलेलं असतं?

नवीन ॲप टाकू म्हटलं तर तेही अडलं. प्ले स्टोअरवरचं ॲप दुसऱ्याच्या नावावर करायची विनंती जुन्या अकाउंटवरूनच जावी लागते. तो मालक हलला नाही तर वेगळ्या ओळखीचं नवं ॲप टाकायचं, सगळ्यांनी ते नव्याने घ्यायचं, आणि जुन्या ॲपने फोनमध्ये ठेवलेल्या नोंदी नव्यात येत नाहीत. शिवाय नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला तेव्हा वीस जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घेण्याची अट होती, आता ती बारा जणांवर आलीय. कंपनीच्या अकाउंटला ही अट नाही, पण डन्स नंबर, म्हणजे कंपनीचा एक आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो. तो फुकट मिळतो, फक्त वेळ खातो, म्हणून कंपनी नोंदली की लगेच अर्ज टाका. अकाउंटची फी एकदाच, पंचवीस डॉलर.

जुलैअखेर त्या मुलाशी एक लाख ऐंशी हजारावर मिटलं. तोवर पेरण्या उरकल्या होत्या, एकवीस दुकानं सोडून गेली. दिग्रसचे काका परत आले नाहीत.

म्हणून माझं मत, आणि मी वकील नाही, तुमच्या वकिलाला दाखवूनच पुढे जा: पारखणं नंतर, आधी कागद. सध्याच्या मुलाकडून आतापर्यंतच्या कामाचं हस्तांतरण लिहून घ्या, योग्य मोबदला देऊन. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. डोमेन, सर्व्हर, स्टोअर, मेसेज पाठवायचं खातं, सगळं कंपनीच्या मेलवर आणि कंपनीच्या कार्डावर. त्या मेलचा रिकव्हरी नंबर तुमचा. "सोडून गेल्यावर दोन वर्षं दुसरीकडे हे काम करणार नाही" असली अट कोणी सुचवली तर त्यावर विसंबू नका, भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. त्यापेक्षा दोन महिन्यांची नोटीस आणि काम समजावून सोपवायची यादी घाला.

आता पारखण्याचं. डिग्री मी पाहत नाही. उमेदवाराला आठवड्याचं एक खरं, छोटं काम देतो, त्याचे पैसे देतो, आणि एक दिवस दुकानात बसवतो. मागच्या वर्षी तिघांना बसवलं. दोघांनी लॅपटॉप उघडून मला स्क्रीन दाखवली. तिसरी पुसदची मुलगी, तिने दुकानदाराला विचारलं, "लाइट गेली की नेट जातं, तेव्हा बिल कसं करता?" आणि एका शेतकऱ्याने दोन भावांच्या नावावर खत नेलं ते तिने वहीत टिपून घेतलं. तिला घेतलं. कोडची बाजू मला कळत नाही म्हणून नागपूरच्या एका जुन्या अनुभवी माणसाला दोन तासांची फी देऊन तिचं काम दाखवलं. तेवढे दोन-तीन हजार वाचवू नका.

पुण्याचा माणूस घरून काम करेलही, पण तुमच्या संत्र्याच्या धंद्यात बाग उभ्याने, म्हणजे फळं झाडावर असतानाच, कशी विकली जाते, कॅरेट मोजताना व्यापाऱ्याशी वाद कुठे होतो, हे त्याला फोनवर सांगून कळणार नाही. पहिला माणूस तरी वरुड-मोर्शीत फिरणारा हवा. माझा अनुभव एवढाच, कोणाचा वेगळा असू शकतो.

एक गोष्ट शहरातले सांगणार नाहीत. आपल्याकडे नोकरी मुलगी किंवा मुलगा एकटा स्वीकारत नाही, घर स्वीकारतं. मी तिच्या आईवडिलांना भेटायला पुसदला गेलो. तिच्या बाबांनी चहा होईपर्यंत काही विचारलं नाही, मग म्हणाले, "पीएफ कटते का?" वीसपेक्षा कमी माणसं असली तरी स्वेच्छेने पीएफ लागू करून घेता येतो, मी घेतला. ज्या नेमणूकपत्राने कोड तुमचा होतो, तेच त्या घरात देवाजवळ ठेवलं जातं.

हिस्सा तोंडी कबूल करू नका, चार लोकांत "आपली कंपनी" म्हणतानाही जपून. ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क, शेअर असलेल्या कंपनीतच देता येतात, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) नाही, आणि दिल्यापासून हातात यायला किमान एक वर्ष जावं लागतं. आधी वर्षभर काम पाहा. आणि मदतीच्या अर्जात तांत्रिक सहसंस्थापकाचा रकाना आला तर "नियुक्त कर्मचारी" असं लिहून द्या, अर्ज नाकारला तर नाकारू द्या.

त्या मुलाशी मात्र याच आठवड्यात बोला, आंबिया बहराच्या संत्र्यांची तोड सुरू व्हायच्या आत. त्याला घरी जेवायला बोलवा, वकिलाची नोटीस पाठवू नका. सध्या तुमचं त्याच्याशी बरं आहे, अशा वेळी सही सहज होते. करारात काय काय घालायचं याची माझी मराठी यादी आहे, निरोप टाका, पाठवतो.