वाघाचा एकच डोळा पेटला

"मॅडम, लायब्ररीचा तास पुस्तकांसाठीच असतो ना?"

शाळेचे असे प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात. असं विचारत एका मुलाच्या आईंनी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. बुटाच्या खोक्याचा कापलेला तुकडा, सेलोटेपचा गोळा, दोन तारा, काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे चार बारके तुकडे. "आठवड्यातून दोन तास असतात. गेल्या वर्षी त्या तासाला गोष्टीचं पुस्तक घरी यायचं. आता हे येतं."

मुलगा तिसरीतला, नुकतीच आठ वर्षं पूर्ण झालेला. मराठी शाळा, पिंपरी-चिंचवडचा भाग. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) घरी धडा वाचायला घे म्हटलं की त्याचं पोट दुखायचं, मग तहान लागायची, मग शू लागायची. आणि शाळेत वाचनाचा म्हणून जो तास, तो कात्री आणि डिंकात जायचा. मी मुख्याध्यापकांना चिठ्ठी द्यावी, त्या तासाला त्याला पुस्तक घेऊनच बसवावं, एवढीच आईंची मागणी होती.

वडील भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "हातकाम आमच्या वाट्याला आलं ते आलं. याला शाळेत घालतो ते यातून सुटावा म्हणून. तिथंही हातच काळे करायचे तर मी काय वाईट शिकवलं असतं?"

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मुलांना हातांनी करू द्या असं सांगत फिरणारे आमच्यासारखे बहुतेक लोक दिवसभर खुर्चीत बसून कमावतात. हे वाक्य आमच्या कानावर सहसा पडत नाही.

आईंचा प्रश्न मात्र अलीकडे वरचेवर येतो. मुलांनी हातांनी वस्तू करून बघाव्यात म्हणून शाळांतल्या सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब 2016 पासून सुरू झाल्या, पण त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पहिली ते चौथीला तसं काही नाही. मग एखाद्या हौशी बाई किंवा ग्रंथपाल लायब्ररीच्याच कोपऱ्यात हातांनी वस्तू करायचं टेबल मांडतात, कारण पोर्शन आणि परीक्षा नसलेली शाळेतली ती एकच खोली असते. साहित्य फुकटातलं. पिशवीतून पडलेले ते व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे मी लगेच ओळखले. काड्यांच्या टोकांना ट्यूब लावून त्रिकोण, चौकोन, घरं उभी करायची ही खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची युक्ती. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात असताना, सत्तरच्या दशकात, त्यांनी ती शोधली. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांच्या हाताखाली कितीतरी मुलांनी टाकाऊतून खेळणी केली.

हे सगळं मी त्या दोघांना उत्साहाने ऐकवलं. आणि शेवटी म्हणाले, "काळजी करू नका. करता करता सूचना वाचाव्याच लागतात. वाचन आपोआप येईल."

'आपोआप' हा शब्द माझ्या तोंडून गेला तो जुलैत.

सप्टेंबरात आई परत आल्या. घटक चाचणीच्या पेपरवर मराठीच्या बाईंचा शेरा होता, 'वाचनाचा सराव घ्यावा'. घरातली पोटदुखी वाढली होती. या वेळी मी काही सांगायच्या भानगडीत पडले नाही. शाळेची परवानगी काढली आणि एका लायब्ररीच्या तासाला मागे जाऊन बसले.

एका वर्गाएवढी खोली, पुस्तकांची चार कपाटं, खिडकीखाली दोन बाकं जोडून केलेलं टेबल. कोपऱ्यात दोन जुने लॅपटॉप. लायब्ररीच्या ताई आधी दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवतात. मग ज्याला पुस्तक हवं त्याने पुस्तक घ्यायचं, ज्याला त्या गोष्टीतलं काही करायचंय त्याने टेबलावर जायचं. म्हणजे गोष्टीशिवाय कात्री हातात येत नव्हती. जुलैत मी हे विचारायला हवं होतं.

त्या दिवशी गोष्ट होती म्हातारीची. लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होऊन येते आणि भोपळ्यात बसून वाघाला चुकवते, ती. लॅपटॉपवर दोन मुली स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये भोपळा गडगडवत होत्या. तो पडद्याच्या कडेला जाऊन अडकून बसायचा आणि दोघी पोट धरून हसायच्या. आमचा गडी वाघ करत होता.

वाघाचं तोंड खोक्याच्या पुठ्ठ्याचं. डोळ्यांच्या जागी एलईडी दिवे, मागे तांब्याची चिकटपट्टी आणि एक बटण सेल, म्हणजे बटणासारखा चपटा गोल सेल. एलईडीचा लांब पाय अधिककडे, आखूड पाय उणेकडे, हे त्याला पाठ होतं. एक डोळा लाल घेतला, एक पांढरा. का, तर "एक रागाचा, एक झोपेचा."

सेल बसवला. लाल पेटला. पांढरा नाही.

त्याने पांढरा उलटा लावून पाहिला. नाही. चिकटपट्टी नखाने घासून घट्ट केली. नाही. मग वैतागून लाल काढला तर पांढरा लख्ख पेटला! लाल परत लावला, पांढरा विझला. शेजारचा पोरगा ओरडला, "ए, वाघ काणा झाला!" आणि हा खो खो हसायला लागला. घरी एक अक्षर अडलं की याचा चेहरा पडतो असं आई सांगत होत्या, तोच हा मुलगा. इथे दहा मिनिटं त्याचं सगळं चुकत होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

डब्यातलं सूचनेचं कार्ड काढून तो ओळीखाली बोट धरून बसला. ओठ हलत होते. कार्डात उत्तर नव्हतंच. अखेर त्याने दोन्ही डोळे लाल लावले आणि वाघ पेटला.

असं का झालं ते मलाही कळलं नव्हतं. ताईंनी नंतर सांगितलं. लाल दिव्याचं साधारण दोन व्होल्टवर भागतं, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. एकाच सेलवर दोघं शेजारी-शेजारी जोडले की लाल सगळा दाब आपल्या पातळीवर खाली ओढतो आणि पांढरा उपाशी राहतो. मुलाला हे का सांगितलं नाही, म्हटलं. "सातवी-आठवीत कळेल. आत्ता त्याला जेवढं कळलंय ते त्याचं त्यानं शोधलंय, त्यात मी कशाला नाक खुपसू?"

त्या टेबलाचा एक नियम आहे. ज्याला अडचण सापडली त्याने पुढच्यासाठी कार्ड लिहून टांगायचं. त्याने लिहिलं:

'दोनी डोळे एका रगाचे लावा. लाल लावला तर पाढरा पेटत नाही.'

मी खूश होऊन मोबाइलवर फोटो काढला. बळजबरीशिवाय लिहिलेल्या दोन ओळी! आईंना दाखवायला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार होता?

रात्री तो फोटो पुन्हा उघडला आणि खुशी ओसरली. दोन्हीचं दोनी. रंगाचे मधला अनुस्वार नाही. पांढराचा पाढरा. तिसरीत असं एखादं सुटतंच, पण इथे दोन ओळींत जिथे जिथे जोडाक्षर किंवा अनुस्वार होता तिथे तिथे तो गळला होता. मग दुपारचं आठवत गेले. कार्डावर त्याचं बोट ओळीखाली होतं खरं, डोळे मात्र पुन्हा पुन्हा चित्रावर जात होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याच्यापुढे गोष्टीचं पुस्तक उघडून ठेवलं. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' त्याने पानाकडे न बघता ठेक्यात म्हणून टाकलं. यातलं 'भोपळ्या' कुठंय, असं विचारलं तर बोट 'टुणूक'वर गेलं.

मी आईंना फोन केला आणि जुलैत सांगितलेलं अर्धवट होतं हे आधी कबूल केलं. बरं वाटलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता आलं नसतं. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षिकेकडून वाचन-लेखनाची चाचणी. अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाण्याचं) सरकारी प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, त्यामुळे तो योग्य वयात होता. अहवालात बुद्धी उत्तम आणि वाचन-लेखनात अध्ययन अक्षमता असं आलं.

अहवाल समजावायला दोघांना बोलावलं तेव्हा वडील खाली बघत म्हणाले, "मी पण असाच होतो. 'भ' आणि 'म' सारखेच दिसायचे. नववीत शाळा सुटली." ही अडचण घराण्यात चालते हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे ढ म्हणायचे, त्यांनीही तेच मानलं होतं.

मी विचारलं, "वर्कशॉपात ड्रॉइंग कोण वाचतं?"

"मीच वाचतो. ड्रॉइंग चुकलं तर जॉब स्क्रॅपला जातो, मॅडम."

त्याला वाचन म्हणतात, एवढंच मी बोलले. त्यावर ते काही म्हणाले नाहीत. आई मात्र वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग टेबलाचा दोष होता का? नव्हता. आईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या तासाला त्याला पुस्तक देऊन बसवलं असतं तर तो शिस्तीत पानं उलटत राहिला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. टेबलावर त्याला स्वतःचं काही सांगायचं होतं, म्हणून तो लिहायला बसला आणि अडचण कागदावर आली. पण माझ्या 'आपोआप'वर सगळे विसंबून राहिले असते तर त्याच टेबलानं ती झाकलीही असती. हाताचा हुशार, कायम कामात, सगळ्यांचा लाडका. असं मूल मागे पडतंय हे पाचवीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढे फार नाट्यमय काही घडलं नाही. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा. जोडाक्षरं कात्रीने कापून अर्धं अक्षर वेगळं करायचं आणि परत जोडायचं, हे त्याला लगेच आवडलं. घरी आजीसमोर मोठ्याने वाचायचं बंद केलं. तो रोजचा अपमान होता, हे आजीलाच आधी पटलं. आता रात्री गोष्ट आई वाचतात आणि फक्त भोपळ्याची ओळ आली की तो बोट ठेवून वाचतो. ताईंनी सूचनांची कार्डं नव्याने केली. अक्षर मोठं, एका ओळीत एकच सूचना, चित्र वाचून झाल्यावर दिसेल असं मागच्या बाजूला.

आता असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आधी म्हणते, एकदा त्या तासाला जाऊन बसा. गोष्ट होते का, मूल तिथे काय वाचतं आणि काय लिहितं, दोघांत एक लॅपटॉप असेल तर माऊस कायम एकाच्याच हातात असतो का, ते बघा. हजारो रुपयांचे तयार किट आणून मुलांना नुसतं जोडायला लावत असतील तर मला त्यात फारसा रस वाटत नाही. आणि बटण सेल कुठे ठेवतात ते जरूर विचारा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतो, तेव्हा संशय आला तरी घरी वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा. आमच्या ताई तास सुटताना मोठ्याने मोजतात, "दिले नऊ, आले नऊ," आणि डबा कपाटात कुलपात. खोक्यात बसवलेला सेलही घरी जात नाही. वाघ घरी जातो तो आंधळा.

फेब्रुवारीत दुसऱ्याच कामासाठी त्या शाळेत जाणं झालं. त्याचं कार्ड खिडकीपाशी तसंच टांगलेलं होतं. ते कुणी सुधारायचं नाही असं आमचं ठरलं होतं. लाल पेनाने कुणीतरी, म्हणजे त्यानेच, 'रगाचे'वर आणि 'पाढरा'वर टिंब दिलं होतं. कुंकवाएवढं, ठसठशीत.

'दोनी' अजून दोनीच आहे.