वडिलांच्या शर्टांची गोधडी शिवायची आहे, पण कात्री लावायला हात धजत नाही. काय करू?

अगदी समजू शकते. घाई करू नका. आधी प्रत्येक कपड्याचा फोटो काढा आणि त्यांचा सर्वांत आवडता एक शर्ट न धुता, न कापता तसाच बाजूला ठेवा. धुतल्यावर कपड्याचा वास जातो आणि तो परत मिळत नाही. बाकीचे कपडे मात्र कापण्यापूर्वी धुऊन इस्त्री करा, म्हणजे नंतर आटणार नाहीत.

पुठ्ठ्याचा साडेबारा इंची चौकोन साचा म्हणून घ्या. चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, शिवणीत गेली की चौकोन १२ इंचांचा उरतो. असे २० चौकोन, ४ बाय ५ जोडले, की ४८ बाय ६० इंचांची गोधडी होते. टी-शर्ट ताणला जातो, म्हणून कापण्याआधी मागून फ्युजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवा, नाहीतर चौकोन वाकडे होतात.

खिसा उसवू नका, त्याच्यासकट चौकोन कापा. पेन अडकवून झिजलेली खिशाची कड, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं एखादं बटण, हेच तर जपायचं असतं! फक्त मशीनची सुई बटणावर आपटणार नाही एवढं बघा. विरलेल्या कापडाला मागून सुती तुकडा लावा.

दुसऱ्या कुणाकडून शिवून घेणार असाल तर उरलेले तुकडे, कॉलरसुद्धा, परत हवेत हे आधीच सांगा.