पडद्यावरच्या माणसांचं पोट कशावर चालतं?

अलीकडे पाहिलेल्यांपैकी कोणते सिनेमे आवडले आणि सिनेमा चांगला की वाईट हे कसं ठरवता, असं तुम्ही विचारलंय. माझी कसोटी तशी रुक्ष आहे. पडद्यावरच्या माणसांचं पोट कशावर चालतं, हे मी आधी बघतो. नोकरी हिशेबखात्यातली, तेव्हा ही खोड तिथूनच आली असणार.

आपल्याकडचा शहरी नायक बहुतेक वेळा जाहिरात कंपनीत असतो. सुरुवातीला एक प्रेझेंटेशन, टाळ्या, आणि मग सिनेमा संपेपर्यंत त्याला रजाच. फ्लॅट मात्र असा की त्याचा हप्ता कोण भरतं, असा प्रश्न पडावा. माणूस काय काम करतो हे लेखकानेच ठरवलेलं नसेल, तर त्याच्या प्रेमावर आणि दुःखावर तरी मी का विश्वास ठेवू?

२०२४ मध्ये आलेल्या दोन सिनेमांत मी अभिनेत्री छाया कदम यांना पाहिलं आणि दोन्हीकडे त्या कष्टकरी बाई होत्या. किरण रावच्या 'लापता लेडीज'मध्ये त्यांची मंजूमाई रेल्वे स्टेशनवर टपरी चालवते. हरवलेली फूल नावाची नवरी तिथे काम करू लागते, कलाकंद बनवते, तो विकला जातो आणि तिच्या हातात पैसे पडतात. बायकांच्या हक्कांवर पुढे बरंच बोललं जातं, काही ठिकाणी जरा पाठ केल्यासारखंही. पण ते पैसे हातात घेतानाचा फूलचा चेहरा त्या सगळ्याहून जास्त बोलतो.

दुसरा पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'ग्रां प्री' हा पुरस्कार मिळवलेला. प्रभा आणि अनू या मुंबईत नर्स म्हणून काम करणाऱ्या दोन मल्याळी बायका, आणि छाया कदमची पार्वती त्याच इस्पितळात स्वयंपाकाला. अनूकडे महिनाअखेर भाड्याचे पैसे नसतात, ती प्रभाला आपला वाटा भरायला सांगते. परदेशात गेलेल्या नवऱ्याकडून प्रभाला राइस कुकर येतो, चिठ्ठी नाही. पार्वतीचं घर बिल्डर घेणार, कारण ती तिथे राहत होती याचा एकही कागद तिच्याकडे नाही. लालबाग-परळला ज्यांचे नातेवाईक होते त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. कान वगैरे ऐकून हा सिनेमा 'आपल्यासाठी नाही' म्हणून सोडणारे बरेच भेटले. निम्मी मुंबई ज्या लोकलने जाते, त्याच लोकलमधली माणसं आहेत हो ही! शेवटी गोष्ट रत्नागिरीकडे पार्वतीच्या गावी जाते, तो भाग मला थोडा स्वप्नाळू वाटला. शहरातला भाग जास्त पटला.

रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' (२०२५) याच वाटेवरचा. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागात ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला हा मराठी सिनेमा. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. तिथे बालमित्र बाळ्या भेटतो, शेळ्या राखणारा. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, पण त्याचा गाजावाजा नाही. लग्न कधी करणार म्हणून नातेवाईक जो भुंगा लावतात, तो आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. शेतात शेळ्यांमागे फिरता फिरता ही दोघं बोलतात, कारण बाळ्याला काम सोडून नुसतं बसणं परवडणारं नाही. मधला काही भाग मला जड गेला, हेही सांगून टाकतो.

ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. परेश मोकाशींच्या 'वाळवी'त मी नोकऱ्यांचा विचारही केला नाही. तिथे खुनाचा बेत आहे, आणि एका चुकीतून दुसरी चूक निघते की लेखक ती वरून टाकतो, एवढंच बघायचं. ती आपसूक निघते, म्हणून तो सिनेमा जमलाय. विनोदी थरारपटाकडून घरभाड्याची पावती मागण्यात अर्थ नाही.

परीक्षणातले तारे मी आधी बघत नाही. साडेतीन ताऱ्यांचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

तुम्हाला कुठून तरी सुरुवात करायची असेल, तर घरच्यांसोबत 'लापता लेडीज' लावा. 'साबर बोंडं' मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळी बघा. रात्री जेवून बसलात तर डुलकी लागेल आणि उगाच सिनेमाच्या नावाने बोटं मोडाल.